सात वेढे

सोमवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी संघमित्राला पहिल्या बादलीत तीन रोपं कमी दिसली. तिने पुन्हा मोजली. एकदा मोजून विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती. परळच्या हॉस्पिटलातल्या रक्तपेढीत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला ती राहत नाही. सकाळी निघताना पाच होती, आता दोन. खांद्यावरची पर्स तिने अजून उतरवली नव्हती, चपलाही पायातच होत्या. तशीच वाकून तिने पाहिलं, तर मातीच्या वर अर्ध्या बोटावर तीन हिरवे खुंट उभे होते. कापलेली जागा अजून ओलसर होती. कुरतडल्याची खूण नव्हती, ओढल्याची नव्हती, आजूबाजूला एक पान पडलेलं नव्हतं. उरलेली दोन रोपं जणू काही घडलंच नाही अशी उभी होती. मग तिला स्वतःचाच राग आला. शिराळ्याची तीन रोपं! बाजारात शिराळी मिळत नाहीत की काय? आत खाटेवरून आईने विचारलं, "कोन? रामदास आला काय?" रामदास म्हणजे संघमित्राचे वडील, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. "मी आहे, आई," ती म्हणाली, आणि पर्स खांद्यावर असतानाच उरलेल्या तीन बादल्यांतली रोपं मोजू लागली. पाच, चार, चार. सगळी मिळून पंधरा. सकाळी अठरा होती.

बादल्या रंगाच्या होत्या, तळाला भोकं पाडलेल्या, गॅलरीच्या शेवटच्या तुकड्यात भिंतीला लागून ठेवलेल्या. चिंचपोकळीच्या या चाळीत दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली त्यांनी भाड्याने घेतली त्याला आठ महिने होत आले होते. त्याआधीची सगळी वर्षं नायगावला, बीडीडी चाळीत, तळमजल्यावर. तिथे खिडकीखाली गटारापर्यंत हातभर रुंदीची मातीची पट्टी होती. कमळाबाईंनी, म्हणजे आईने, त्या पट्टीत माठ, मुळा, मिरची आणि शिराळी असं काय काय पिकवलं होतं. वडील गिरणीतून तुटक्या सुतळ्या आणि मोडकी बॉबिनं आणून वेलाला मांडव करून द्यायचे. चाळ पाडायची ठरली, तिथे टॉवर उभा राहायचा होता, तोवर दुसरीकडे राहा म्हणून भाडं मिळालं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा आई वाळलेलं शेवटचं शिराळं हातात धरून उभी होती. त्यातल्या बिया तिने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत राखेत घालून ठेवल्या. त्यानंतर ती त्या बाटलीबद्दल बोलली नाही. इतर गोष्टींबद्दलही हळूहळू कमी बोलायला लागली. दोनदा ती घराबाहेर पडली. पहिल्यांदा लालबागच्या नाक्यावर एका हारवाल्याने अडवली. दुसऱ्यांदा मात्र ती लालबाग, परळ, भोईवाडा असं सगळं चालत, एकोणऐंशीव्या वर्षी, नायगावला पोचली. चाळीच्या जागी निळे पत्रे लावले होते. त्या पत्र्यांना पाठ लावून बसलेली सापडली. पोलिसाने विचारलं, "आजी, घर कुठे?" तेव्हा तिने अंगठ्याने मागचे पत्रे दाखवले. खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं, हे संघमित्राला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

त्या दिवसापासून गॅलरीच्या शेवटच्या तुकड्याला जाळीचा दरवाजा बसला आणि त्याला कुलूप लागलं. एक किल्ली संघमित्राकडे, दुसरी शेजारच्या दुर्गावहिनींकडे. त्याच सुमारास विनीतने, तिच्या धाकट्या भावाने, पनवेलच्या पुढचं ते केंद्र शोधलं. स्वच्छ जागा, परिचारिका, खाटेशेजारी घंटी. येत्या रविवारी दहा वाजता तो गाडी घेऊन येणार होता. संघमित्रा हो म्हणाली होती. नाइलाजाने नव्हे, विचार करून, चहाचा कप खाली ठेवून हो म्हणाली होती. हे तिला दिवसातून एकदा तरी आठवायचं, बहुतेक हात धुताना. आणि हो म्हटल्यावर चौथ्या दिवशी तिने ती राखेची बाटली काढून वीस बिया पेरल्या होत्या. प्रत्येक बादलीत पाच, त्यातल्या अठरा उगवल्या. एक बादली आईबरोबर द्यायची असं तिने ठरवलं होतं. कोणती ते नक्की नव्हतं. जी सगळ्यात भरलेली दिसेल ती.

"घूस असणार," दुर्गावहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "खालच्या गटारात आहेत गो बाय, मांजराएवढाल्या."

"घूस दुसऱ्या मजल्यावर?"

"पाइपावरून चढते ती. तुझ्यामाझ्यापेक्षा चपळ."

"आणि तुमची मनू?"

"आमची मनू?" दुर्गावहिनींचा आवाज एकदम वर गेला. "मासळीशिवाय तोंड लावीत नाही ती कशाला. पाला खायला काय बकरी आहे?"

मनू ही त्यांची पांढरी मांजर. मांजराला हे नाव का ठेवलं, हे संघमित्राने आठ महिन्यांत विचारलं नव्हतं. तिच्या घरात त्या नावाचा इतिहास वेगळा, जाळलेल्या ग्रंथाचा होता, आणि चाळीत राहायचं असेल तर प्रत्येक गोष्ट विचारून चालत नाही. पण त्या संध्याकाळी मनू जाळीच्या दरवाजाच्या गजांमधून सहज आत आली, बादलीशी अंग घासून गेली, आणि संघमित्राने तिच्याकडे पाहिलं ते आरोपीकडे पाहावं तसं.

कामावरून आणलेल्या पिशवीत रक्तदान शिबिरातल्या फळांच्या रसाच्या रिकाम्या बाटल्या होत्या. कशाला तरी लागतील म्हणून आणलेल्या. तिने सुरी गॅसवर तापवली आणि एकेका बाटलीचा तळ कापला. प्लास्टिक वितळल्याचा गोडसर, घाणेरडा वास खोलीभर झाला. आई खाटेवर उठून बसली आणि नाकाला पदर लावून बघत राहिली. पंधरा बाटल्या, पंधरा रोपं. झाकणं काढून टाकली, म्हणजे हवा जाईल. एकेक बाटली तिने रोपावर ठेवून कडेने मातीत दाबली. बादल्यांत काचेसारख्या पंधरा लहानशा खोल्या उभ्या राहिल्या, प्रत्येकीत एक जण. तिला आवडलं ते. रक्तपेढीतल्या फ्रिजमध्ये पिशव्या ओळीने लावल्यावर वाटतं तसं वाटलं. प्रत्येकाला जागा, प्रत्येकाला आडोसा, कुणाचा कुणाला धक्का नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या सोमवारच्या चौकोनात तिने बारीक अक्षरात आकडा लिहिला: १५.

मंगळवारी संध्याकाळी पंधराही बाटल्या जागच्या जागी उभ्या होत्या. दुसऱ्या बादलीतल्या तीन बाटल्यांच्या आत नुसते खुंट होते. ती चवड्यांवर बसून बघत राहिली. बाटली हललेली नाही, मातीतली कड तशीच दाबलेली, आणि आतलं रोप नाही. म्हणजे जनावर बाहेरून आलंच नसेल. मातीतच असेल काही, अळी वगैरे. तिने आईच्या जेवणाचा चमचा घेऊन माती उकरली. एक गांडूळ निघालं, ते तिने परत ठेवलं. आणखी काही नव्हतं. नखांत माती गेली होती, आणि त्या नखांकडे बघताना तिला उगाचच दहावीचं वर्ष आठवलं. नायगावच्या खिडकीशी ती रसायनशास्त्र पाठ करत बसलेली, बाहेर आई मातीत, आणि आई म्हणतेय, "मित्रा, जरा हात लाव गं इकडं." आणि ती म्हणतेय, "माझी नखं खराब होतात." असं ती खरंच म्हणाली होती की आता मनाने रचलं होतं? आई त्यावर काय म्हणाली ते आठवत नव्हतं. आई तेव्हा तिच्या मंडणगडकडच्या गावच्या गोष्टी सांगू बघायची. लहानपणी खोताच्या मळ्यात मजुरीला जायची त्या गोष्टी. आठ-नऊ वर्षांच्या मुली ओळीने बसून दिवसभर काय करायच्या, पाठीवर ऊन कसं बसायचं. संघमित्रा प्रत्येक वेळी मध्येच उठायची. तिला त्या मळ्यातून निघालेल्या बाईची मुलगी व्हायचं होतं, मळ्यातल्या मुलीची नव्हे. असं तेव्हा तिने शब्दांत मांडलं नव्हतं. आता चमच्यावर माती घेऊन बसलेली असताना ते शब्द आपसूक आले, आणि ती चमचा धुवायला उठली. कॅलेंडरवर तिने १२ लिहिलं.

बुधवारी कामावर तिने एका पिशवीवर चुकीचं लेबल चिकटवलं. सेकंदभरात तिच्याच लक्षात आलं आणि तिने ते काढलं, कुणाला कळलं नाही. पण अठ्ठावीस वर्षांत असं झालं नव्हतं. दुपारी डबा खाताना समोरची दीपिका म्हणाली, "मॅडम, तुम्ही आज कुठेतरी दुसरीकडेच आहात." "घरी उंदीर झालेत," ती म्हणाली. दीपिकाने लगेच औषध सुचवलं, ज्याने उंदीर बाहेर जाऊन मरतो. तो बाहेर कुठे जातो, कसं समजतं त्याला की बाहेर जाऊन मरायचं, असं काहीतरी संघमित्राच्या मनात सुरू झालं आणि तिने डबा अर्धाच बंद केला. संध्याकाळी चिंचपोकळी स्टेशनच्या पुलाखालून येताना कांदेवाल्याकडून तिने जाळीच्या लाल पिशव्या मागून घेतल्या. बाटल्या काढून ठेवल्या. घरी एक मोडकी छत्री होती. तिच्या काड्या सोडवून, वाकवून, दोन टोकं मातीत खोचून तिने बादल्यांवर कमानी केल्या, वर कांद्याच्या जाळ्या ओढल्या आणि बादलीच्या काठाखाली सुतळीने बांधल्या. त्या दिवशी आकडा बाराच होता. दुर्गावहिनी दिवसभर लालबागला बहिणीकडे गेल्या होत्या, सकाळी आईला जेवण देऊन खोलीचं दार बाहेरून लावून गेल्या होत्या. पण ती गोष्ट आणि हा आकडा यांचा एकमेकांशी काही संबंध संघमित्राच्या डोक्यात जुळला नाही. आज नुकसान नाही एवढंच तिने पाहिलं, आणि काम वेगाने करत राहिली, जणू जनावराने एका दिवसाची सवलत दिली होती.

गुरुवारी आकडा दहा झाला. जाळी बांधलेली, गाठ जागेवर, तिसऱ्या बादलीत चाराची दोन. गाठ आपली होती की नाही, याबद्दल तिला क्षणभर शंका आली. तिने हाताने चाचपून पाहिली. गाठीसारखी गाठ. आपण थकलोय, एवढंच. मागच्या महिन्यात एकदा कामावर निघताना गॅस बंद केला की नाही म्हणून ती परळच्या पुलावरून परत आली होती. हे आईकडून आपल्याकडे येतंय का? वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी? आणि आपल्यासाठी पनवेलच्या पुढचं केंद्र कोण शोधणार? लग्न केलेलं नाही, मूल नाही. विनीतला तेव्हा गुडघे असतील का गाडी चालवायला? हसू आलं तिला, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

माळ्यावर वडिलांचा टेबलफॅन होता. मोटर केव्हाच जळली होती, पण दोन्ही जाळ्या शाबूत, जड, पोलादी. तिने त्या उतरवून धुतल्या, बादल्यांवरच्या कमानी काढून टाकल्या. पुढची जाळी चौथ्या बादलीवर बरोबर बसली, जणू मापाने केलेली. चौथी बादली अजून अखंड होती, चारही रोपं हातभर अंतरावरून सारखीच दिसणारी. हीच आईबरोबर द्यायची, असं तिने त्या क्षणी ठरवलं. मागची जाळी तिसरीवर घातली. पहिल्या दोन बादल्यांवर भाजी धुवायची चाळणी आणि भांडी निथळायची टोपली उपडी घातली. मग तार घेऊन पोलादी जाळ्या बादलीच्या कडीला बांधल्या आणि तारेची टोकं हाताने वळली. मोजून सात वेढे. शेवटी गॅलरीच्या फरशीवर आईच्या टाल्कम पावडरचा डबा पालथा केला आणि कागदाने पसरवली. चोर पाऊल टाकेल तर दिसेल.

"काय करतंस गं?" आईने दारातून विचारलं.

"काही नाही. तू झोप."

आई तरीही उभीच राहिली. पावडरकडे बघत म्हणाली, "सांडली व्हय?"

"हो. सांडली."

शुक्रवारी पावडरीत मनूची पावलं उमटली होती. स्वच्छ, चार चार पाकळ्यांची. दरवाजाच्या गजांतून आत आली, सरळ खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली, तिथून परतली. बादल्यांकडे वळलीच नव्हती. म्हणजे मनू सुटली. पाट ओढल्यासारखी एक रुंद रेघही होती, भिंतीपासून बादल्यांपर्यंत. आई बसली असेल. रोपं दहाच्या दहा होती. संघमित्राला जिंकल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात आईचा हात दिसला. उजव्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर कापल्याचे तीन ओरखडे, एकावर रक्त सुकलेलं. "हे काय झालं?" आई हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. संघमित्राने जखम धुतली, पट्टी लावली, मग उठून जाळीच्या दरवाजाचं कुलूप पाहिलं. कुलपाच्या कडेला पत्रा धारदार होता. तर हे असं. एवढ्या वयात, एवढ्या बोटांनी, कुलूप उघडायला बघितलं असणार. तिला पुन्हा नायगावला जायचं असणार.

विनीतचा फोन आला तेव्हा तिने ते सांगितलं.

"बघ," तो म्हणाला. "मी म्हणत होतो तेच ना, ताई? उद्या गॅलरीवरून खाली वाकली तर?"

"हो."

"तू पुन्हा डळमळू नकोस हां."

"मी कुठे डळमळतेय?"

"आवाजावरून कळतं. हे बघ, कुणी हौसेने नाही करत. मला काय बरं वाटतंय का? काल घरी प्रितीला म्हटलं, आईने मला गिरणगावातल्या एवढ्या संपात उपाशी ठेवलं नाही एक दिवस, आणि मी..." तो थांबला. "जाऊ दे. चार साड्या, स्वेटर, गोळ्या, आधार कार्ड. दहाला खाली उभा राहतो."

"आणि एक बादली," ती म्हणाली.

"कसली बादली?"

"शिराळ्याची. तिच्याबरोबर द्यायचीय."

पलीकडे विनीतने लांब श्वास सोडला. "दे. सीटवर कागद अंथरतो."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खोलीत फिरत राहिली. खोली अशी की फिरणं म्हणजे पाच पावलं आणि वळणं. आई झोपेत उजव्या हाताची बोटं हलवत होती, पट्टी लावलेल्या अंगठ्याने पहिलं बोट चोळत होती, मळल्यासारखं.

शनिवारी ती अर्धा दिवस घेऊन निघाली. आईची बॅग भरायची होती. चाळीचा जिना चढून आली तेव्हा एक वाजून गेला होता, दुर्गावहिनींच्या दारातून टीव्हीचा आवाज आणि त्यांचं घोरणं एकत्र येत होतं. गॅलरीच्या या टोकावरून तिने शेवटच्या तुकड्याकडे पाहिलं आणि थांबली. किल्ली हातात होती, ती तिने मुठीत घट्ट धरली.

आई पाटावर बसली होती. पाय दुमडलेले, साडी गुडघ्यांमध्ये खोचलेली, पाठ सरळ. या बसण्यात काहीतरी असं होतं की संघमित्राला ती लांबून ओळखू आली नाही. एक तरुण बाई बसलीय असं वाटलं. आई चौथ्या बादलीवरच्या फॅनच्या जाळीची तार सोडवत होती. पट्टी लावलेल्या अंगठ्याने रेटत, एकेक वेढा उलटा फिरवत, मधूनच दुखावलेलं बोट तोंडात घालत. घाई नव्हती. प्रत्येक वेढ्याला तिचे ओठ हलत होते, मोजत होती ती. तार सुटल्यावर ती सरळ करून तिने मांडीवर ठेवली. जाळी उचलून भिंतीला टेकवली. मग बादलीवर वाकून एकेका रोपाला हात लावला. बोटाच्या टोकाने देठ किंचित हलवायचा, थांबायचं, पुढच्याला हलवायचा. जणू नाडी बघत होती. चौघांनाही हात लावून झाला. दुसऱ्यांदा तिसऱ्या रोपाशी थांबली. उपटलं नाही. बाजूच्या रोपाची मुळं हलू नयेत म्हणून एका हाताने माती दाबून धरली आणि दुसऱ्या हाताच्या नखाने देठ अर्ध्या बोटावर खुडला. एका हालचालीत, स्वच्छ.

संघमित्राच्या डोळ्यांपुढे कॅलेंडर आलं. पंधरा, बारा, बारा, दहा, दहा. तिने बेरीज लिहिली होती. कुठल्या बादलीत किती राहिली ते कधी लिहिलंच नव्हतं. पहिलीत दोन. दुसरीत दोन. तिसरीत दोन.

तिने कुलूप उघडलं तेव्हा आईने मान वर केली. पकडलं गेल्याचा भाव चेहऱ्यावर नव्हता.

"उभी काय ऱ्हायलीस? बस की."

"आई, हे तू करत होतीस?"

"मग कोन करनार? तू पाच-पाच ठेवलीस आळ्यात." तिने मान हलवली, पूर्वी विनीतच्या प्रगतिपुस्तकाकडे बघून हलवायची तशी. "पाची ठेवलीस तर येकालाबी फळ धरनार न्हाय. दोन ठेवायची. विरळनी करायची का न्हाय? खोताच्या मळ्यात माझ्यासारकी विरळनी कुनाची न्हवती. खोताची बाय म्हनायची, कमळीचा हात हलका हाय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कवा?" आई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "तू आपली जाळ्या लावत व्हतीस, बाटल्या लावत व्हतीस. मला वाटलं, तुला आवडतंय."

संघमित्रा खाली फरशीवर बसली. तिला हसू आलं. मांडीवरची तार, आईचा फाटलेला अंगठा, आणि सबंध आठवडा बाटल्या परत मातीत दाबून, गाठी परत तशाच मारून ठेवणारी ही बोटं. आपण त्यांना घूस म्हटलं, अळी म्हटलं. कुलूप फोडणारी म्हटलं, आणि तेही फोनवर, भावाला. आता सगळं सांगावं, क्षमा मागावी, असं काहीतरी तिच्या मनात जमत होतं, तेवढ्यात आईने गॅलरीच्या टोकाकडे बघितलं आणि विचारलं, "रामदास कवा येनार? मांडव घालाया पायजे आता. सुतळी आन म्हनावं."

उन्हाचा एक पट्टा बादलीच्या काठावर होता. तर एवढंच होतं. एक पाय इथे, एक तिकडे नायगावला. हाताला सगळं ठाऊक, आणि नवरा गेलेला ठाऊक नाही. विनीतला सांगावं असं यात काय होतं? डॉक्टर म्हणेल, जुन्या सवयी शेवटी जातात. बरोबरच म्हणेल.

"ह्यातलं आजून येक काडायचंय," आई म्हणाली. "तू काड."

"मला नाही कळत कुठलं."

"हात लाव. सांगतं ते."

तिने हात लावला. तीन रोपं, तिन्ही सारखीच. दुसऱ्यांदा लावला तेव्हा एक किंचित जास्त हललं, मातीने धरलेलं नसल्यासारखं. जोमाची ठेवायची, उरलेलं काढायचं. हा हिशेब माणसांना लावला तर, असा विचार तिच्या मनात आला, आणि आईच्याही मनात तो कधी आला असेल का, या आठ महिन्यांत, एका खोलीत, पाच पावलांच्या. तिने आईकडे पाहिलं. आई फक्त तिच्या नखांकडे बघत होती. संघमित्राने खुडलं. देठाचा रस नखाखाली थंड लागला.

शनिवारी तिने विनीतला फोन केला नाही. बॅगही भरली. चार साड्या, स्वेटर, गोळ्या. भरून दाराशी ठेवली, परत काढून खाटेखाली ठेवली, परत दाराशी आणली.

रविवारी दहाला विनीत वर आला. घामाने भिजलेला, हातात मोसंब्यांची पिशवी. आईच्या शेजारी बसला, तिचा हात हातात घेतला. "कशी आहेस, आई?" आई म्हणाली, "बरी हाय. जेवलास का बाबा?" तिने हे इतक्या जिव्हाळ्याने विचारलं की विनीतचे डोळे भरले. मग त्याने बॅग उचलली.

"आई येत नाही," संघमित्रा म्हणाली.

"म्हणजे?"

म्हणजे काय, ते तिने रात्रीपासून जुळवून ठेवलं होतं. ते सगळं गेलं आणि तोंडातून आलं, "तिला विरळणी येते."

विनीत तिच्याकडे बघत राहिला. "ताई, तू बरी आहेस ना?"

"रोपं कुणी जनावर खात नव्हतं. तीच काढत होती. जेवढी काढायची तेवढीच. आणि ते अंगठ्याचं, ते मी तुला चुकीचं सांगितलं. कुलपाला ती गेलीच नव्हती."

"बरं, मग? परत नायगावला चालत गेली तर?"

"जाऊन आणीन."

"कामावरून उठून?"

"कामावरून उठून."

"किती दिवस?"

"दोन महिने," ती म्हणाली. "वेलाला फळ धरेपर्यंत. मग बघू."

"मग बघू!" विनीत बॅग खाली आपटणार होता, पण त्याने ती हळूच ठेवली. "पंधरा दिवस मी त्या लोकांच्या मागे लागलो होतो. जागा दुसऱ्याला जाईल, कळतंय ना तुला? आणि दोन महिन्यांनी तूच रडत फोन करशील."

"करीन कदाचित."

"भांडू नका," आई म्हणाली. ती उठली होती, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाहेरच्या बादल्यांकडे बोट करून म्हणाली, "ह्याला येक द्या. वरनं आलाय लांबनं. रिकामा कशाला पाठवता?"

मग विनीत बाहेर गेला, वाकला आणि संघमित्राने पाठवायची म्हणून राखलेली तीच चौथी बादली उचलली. संघमित्राने फॅनची जाळी उतरवून घेतली. जिन्यावरून तो बादली दोन्ही हातांनी छातीशी धरून उतरला, पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी लहान मूल नेतं तसा, पायरी न बघता फक्त बादलीत बघत. गाडीच्या पुढच्या सीटवर कागद अंथरलेला होताच. त्याने बादली तिथे ठेवली, पट्टा लावला, वर पाहिलं नाही.

गाडी वळणाआड गेली. आई कठड्यापाशी उभी होती. "चांगला व्हता," ती म्हणाली. "कोन व्हता तो?"

"विनीत, आई. तुझा विनीत."

"हां," आई म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पानी सांजचं घालाया सांगितलंस का त्याला? दुपारचं घातलं तर देट सडतो."

"नाही सांगितलं."

"सांग मग."

संघमित्राने फोन घ्यायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. गाडी चालवत असेल, घरी पोचल्यावर सांगू. खाली मनू पायरीवर बसून अंग चाटत होती. उद्या सोमवार, सात वाजता निघायचं. कुलपाचं काय, दुर्गावहिनींना काय सांगायचं, दोन महिन्यांनंतरचं काय, यातलं एकही तिला माहीत नव्हतं. फक्त तिला आता पाठीमागे काही धावतंय असं वाटत नव्हतं. ती पाटाशेजारी बसली. आतापर्यंत चाळणीखाली राहिलेल्या पहिल्या बादलीवर तिने फॅनची जाळी घातली, कारण गटारात घुशी तर खरंच होत्या. तार घेतली, टोकं जुळवली आणि वळायला लागली. तीन वेढ्यांवर थांबली. एक वेढा उलटा फिरवून पाहिला, आईच्या बोटांना सुटेल का म्हणून, आणि परत तिसऱ्यावर आणून सोडून दिला.